सोसायटीचा भोंगा कुणाच्या हातात द्यायचा?

25 जुलै 2024 ला पुण्यात सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत पाणी शिरलं. खडकवासला धरणातून विसर्ग वाढवल्याचं वेळेत कळवलंच नाही, अशी रहिवाशांची तक्रार होती. मुठेकाठची एखादी सोसायटी आता स्वतःची सोय करायला निघाली, तर समितीत पहिला वाद यावरच होणार: इशारा देण्याची मुभा सगळ्यांना, की मोजक्यांना?

व्हॉट्सॲप ग्रुप. सगळ्यांना लिहिता येत असेल, तर पार्किंगमध्ये पाणी दिसणारा पहिला माणूस लगेच कळवतो. पण 1961 चा पानशेतचा पूर घराघरांत सांगितला जाणारं हे शहर आहे. ‘धरण फुटलं’ हा फॉरवर्ड इथे लोकांना जिन्यावरून पळवू शकतो. फक्त ॲडमिनलाच लिहिता येत असेल, तर अफवा थांबते, पण पहाटे तीनला ॲडमिन घोरत असतो. गप्पांचा ग्रुप वेगळा ठेवा आणि इशाऱ्याच्या ग्रुपला चार-पाच ॲडमिन नेमा. त्यातला एक तरी तळमजल्यावरचा हवा.

भोंगा. खरा प्रश्न इथे आहे. विक्रेता मोबाइलवरून वाजणारा भोंगा दाखवतो आणि समिती हुरळते. अमेरिकेत डॅलसला एप्रिल 2017 मध्ये कुणीतरी रेडिओवरून संकेत पाठवून शहरातले 156 भोंगे मध्यरात्री वाजवले. त्या संकेतांना कसलंही संरक्षण नव्हतं. 2013 मध्ये मोंटानातल्या एका टीव्ही केंद्रावरून ‘मेलेली माणसं कबरींतून उठताहेत’ असा सरकारी थाटाचा इशारा गेला. यंत्राचा कंपनीने दिलेला पासवर्ड कुणी बदललाच नव्हता.

त्यापुढे वायरवरचं साधं बटण मला केव्हाही बरं वाटतं. मात्र ते अध्यक्षांच्या कपाटात कुलूपबंद ठेवलंत, तर नसल्यात जमा. आगीच्या अलार्मला असते तशी काचेची पेटी वॉचमनच्या केबिनबाहेर, पाणी पोचणार नाही अशा उंचीवर लावा. बटण कुणीही दाबू शकेल, पण त्यासाठी काच फोडावी लागेल, आणि वर सीसीटीव्ही असेल. गंमत म्हणून वाजवणारा तिथेच थबकतो. बॅटरी बॅकअप हवाच, कारण पुरात वीज आधी जाते.

सरकारी इशारा. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचं ‘सचेत’ ॲप आहे. शिवाय 2023 मध्ये चाचणीच्या वेळी सगळ्यांचे फोन एकदम केकाटले होते, ते सेल ब्रॉडकास्ट. टॉवरच्या टप्प्यातल्या ही सोय असलेल्या प्रत्येक चालू हँडसेटवर तो नंबर न लागता पोचतो, त्यामुळे एसएमएससारखा रांगेत अडकत नाही. मात्र तो पूर्ण परिसरासाठी असतो, तुमच्या गल्लीचं त्यात काही नसतं. जोडीला ठेवा, त्याच्यावर विसंबू नका.

काय सांगायचं, काय नाही. भोंग्याच्या कोणत्या आवाजाचा अर्थ काय, गाड्या कुठे न्यायच्या, किती क्युसेक सुटल्यावर आपल्या पार्किंगला पाणी लागतं, हे लिफ्टशेजारी मोठ्या अक्षरांत लावा. यात लपवण्यासारखं काहीच नाही, उलट ते माहीत असलेला माणूस अफवेला कमी बळी पडतो. पासवर्ड आणि कंट्रोल पॅनेलचे फोटो मात्र ग्रुपवर नकोत. हवाईच्या आपत्ती कार्यालयातला चिकटचिठ्ठीवरचा पासवर्ड 2017 मध्ये वृत्तसंस्थेच्या फोटोत दिसला होता!

त्याच कार्यालयातून 13 जानेवारी 2018 ला, पासवर्डशी काही संबंध नसताना, कर्मचाऱ्याच्या चुकीने क्षेपणास्त्र हल्ल्याचा इशारा गेला. दुरुस्तीचा संदेश फोनवर यायला 38 मिनिटं लागली, कारण तो तयारच नव्हता. तेव्हा ‘इशारा चुकीचा होता, रद्द’ हा मजकूर प्रत्येक ॲडमिनने आजच फोनमध्ये टाइप करून ठेवावा.