हवनानंतरची राख आणि तीन मजली मडकं

दक्षिणा हातात पडली की यजमान हमखास विचारतात, "गुरुजी, आता या कुंडातल्याचं काय करायचं?" पूर्वी मी बिनदिक्कत सांगायचो, वाहत्या पाण्यात सोडा. मग एकदा पुलावरून खाली पाहिलं, तर गाठ मारलेली प्लॅस्टिकची पिशवी तशीच तरंगत होती, आत झेंडूचा हार आणि राख. तेव्हापासून तसं सांगायला जीभ रेटत नाही.

म्हणून स्वतःच्या घरासाठी टेराकोटाचं तीन मजली कंपोस्ट मडकं घेतलं. आठ महिने वापरतोय.

फुलं, दूर्वा, आंब्याची पानं, दर्भ यांच्यासाठी एकदम झकास. हार आधी सोडवावा लागतो. दोरा नायलॉनचा असला तर तो जन्मभर तसाच राहतो. प्रत्येक थरावर मूठभर कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) टाकलं की वास येत नाही. वरचं भरलं की खाली सरकवायचं, दीड-दोन महिन्यांत खालच्या मजल्यात काळी भुसभुशीत माती. सुपाऱ्या मात्र निवडून काढा, त्या जशाच्या तशा परत हातात येतात. दहीभाताचा बली तर चुकूनही घालू नका. मी घातला होता. अळ्या मोजायच्या राहिल्या एवढंच.

राखेचं प्रकरण वेगळं. माहितीपत्रकात लिहिलंय, "राख चालते." गणेशयागानंतर दुसऱ्या दिवशी सकाळी कुंड हाताला गार लागलं म्हणून सगळी राख वरच्या मजल्यात ओतली. पोटात निखारा जिवंत होता. कोरडं कोकोपीट दुपारपर्यंत धुमसत राहिलं. सौ. म्हणाल्या, "अहो, अग्नीला निरोप देताना 'गच्छ गच्छ सुरश्रेष्ठ' नीट म्हटलं होतं ना?" मडक्याला तडा गेला नाही, याचे गुण मी कंपनीला देतो.

पुढच्या वेळी दोन दिवस थांबलो, पण घातली तीन ओंजळी. राख क्षारधर्मी, ओल्या फुलांत ती जास्त झाली की अमोनिया सुटतो. डोळ्यांना झोंबणारा वास आला आणि झाडाला मिळायचं नत्र हवेत गेलं. माहितीपत्रकात 'चिमूटभर' हा एक शब्द छापला असता तर काय बिघडलं असतं?

आता राख झाकणाच्या स्टीलच्या डब्यात जाते. दोन-तीन दिवसांनी चाळतो. पूर्णाहुतीच्या नारळाचे अर्धे जळके तुकडे आणि समिधांचे कोळसे वर राहतात, ते पुढच्या होमाला उपयोगी नाहीत, बंबात घालतो. बारीक राखेतली थोडी 'त्र्यायुषं' मंत्र म्हणत भस्म लावण्यासाठी डबीत, आणि आठवड्याला एक चिमूट मडक्यात. अनंताच्या कुंडीत अजिबात नाही, त्याला आम्लधर्मी माती लागते.

"हे शास्त्राला चालतं का?" असं विचारणाऱ्यांना माझं उत्तर एकच: अग्नीला आपण निरोप दिलेला असतो, मागे उरतं ते निर्माल्य. पायदळी येऊ नये, एवढं पथ्य पाळा.

पाचपैकी साडेतीन तारे. अर्धा माहितीपत्रकामुळे कापला, एक झाकणामुळे. ते इतकं हलकं आहे की मांजर रोज पाडतं. सध्या वर वरवंटा ठेवलाय.