प्राइम९५ आणि जिम्प्स: काही महिने रोज वापरल्यानंतर

घरचा सहा कोअरचा डेस्कटॉप गेले काही महिने एकाच कामाला जुंपलेला आहे: प्रचंड मोठ्या मूळ संख्या शोधणं. 'ग्रेट इंटरनेट मर्सेन प्राइम सर्च' म्हणजे जिम्प्स हा उपक्रम जॉर्ज वोल्टमन यांनी १९९६ मध्ये सुरू केला, आणि त्यांनीच लिहिलेला प्राइम९५ हा प्रोग्राम मी वापरतो. प्रोग्राम फुकट आहे आणि विंडोज, लिनक्स, मॅक तिन्हींवर चालतो.

शोध असतो तो मर्सेन संख्यांचा. २ चा एखादा घात घ्यायचा आणि त्यातून १ वजा करायचा. घातांक स्वतः मूळ संख्या असावाच लागतो, पण तेवढ्याने भागत नाही. २ चा ११ वा घात २०४८. त्यातून १ गेला की उरतात २०४७, आणि ते होतात २३ गुणिले ८९. त्यामुळे प्रत्येक घातांक वेगळा तपासावा लागतो. लुकास-लेहमर चाचणीची कृती शाळकरी मुलालाही समजेल अशी आहे: ४ पासून सुरुवात करा, वर्ग करा, २ वजा करा, मर्सेन संख्येने भागून बाकी ठेवा, पुन्हा वर्ग करा. शेवटी बाकी शून्य आली तर संख्या मूळ. अडचण आकाराची आहे. घातांक १३ कोटींच्या घरात असला तर सुमारे चार कोटी अंकी संख्येचा वर्ग तेरा कोटी वेळा करायचा. माझ्या मशीनला अशा एका घातांकासाठी दिवसरात्र चालवून आठवडाभर लागतो.

मित्र विचारतात, आपल्या कानपूर आयआयटीच्या मणींद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी २००२ मध्ये मूळ संख्या ओळखण्याची जी रीत शोधली, ती इथे का नाही वापरत? ती रीत कुठल्याही संख्येला लागू पडते आणि सिद्धांत म्हणून फार मोठी आहे. पण मर्सेन संख्यांच्या खास रचनेचा फायदा घेणारी लुकास-लेहमर प्रत्यक्षात तिच्यापेक्षा कितीतरी वेगाने चालते.

मला या उपक्रमात सगळ्यात भावलं ते कामाचं वाटप आणि तपासणी. उपक्रमाचा प्राइमनेट हा सर्व्हर प्रत्येकाला वेगळा घातांक देतो, म्हणजे दोघांची मेहनत एकाच जागी खर्ची पडत नाही. नव्या मशीनला आधी बहुधा डबल-चेक मिळतं, म्हणजे दुसऱ्या कुणी तपासलेला घातांक पुन्हा तपासायचा. ते मशीन भरवशाचं आहे का, हे त्यातूनच कळतं. काम घेऊन ठेवलं आणि मुदतीत झालं नाही, तर ते काढून दुसऱ्याला दिलं जातं. हा नियम मला पूर्ण पटतो.

आता अनोळखी लोकांच्या मशीनवर विश्वास ठेवायचा कसा? कुणाचा रॅम सदोष, कुणी प्रोसेसर ओव्हरक्लॉक केलेला, म्हणजे ठरलेल्या वेगापेक्षा जास्त पळवलेला. कोट्यवधी पायऱ्यांत एक बिट चुकला तरी उत्तर वाया. म्हणून पूर्वी प्रत्येक घातांक दोनदा तपासावा लागे. २०१७ मध्ये रॉबर्ट गर्बिच यांनी अशी पडताळणी शोधली की चूक झाली तर चाचणी चालू असतानाच पकडली जाते आणि प्रोग्राम मागच्या खात्रीच्या टप्प्यावर परततो. २०२० पासून त्यात पुराव्याची फाइल आली. ही पडताळणी पीआरपी नावाच्या, संख्या 'बहुधा मूळ' आहे का एवढंच सांगणाऱ्या चाचणीत बसते, म्हणून पहिली तपासणी आता पीआरपीने होते आणि लुकास-लेहमर शेवटच्या शिक्कामोर्तबासाठी राखून ठेवली आहे. चाचणी संपली की शंभर एमबीहून मोठी फाइल सर्व्हरवर चढते, आणि दुसरं एखादं मशीन मूळ कामाच्या एका टक्क्याहूनही कमी वेळात ती तपासून देतं. आठवड्याचं काम अशा थोडक्या वेळात पारखलं जातं, हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी थक्क झालो. इतरांच्या फाइलींची अशी छोटी कामं माझ्याकडेही अधूनमधून येतात आणि ती करताना मला खास आनंद होतो.

अर्थात माणसाचं लक्ष लागतंच. २ चा ७,४२,०७,२८१ वा घात वजा १ ही मूळ संख्या कर्टिस कूपर यांच्या विद्यापीठातल्या मशीनने सप्टेंबर २०१५ मध्येच कळवली होती, पण सूचनेचा ईमेल गेला नाही आणि ती नजरेस पडली जानेवारी २०१६ मध्ये.

आता खर्चाचं. पूर्ण भारावर माझं मशीन शंभर वॅटच्या आसपास घेतं, म्हणजे महिन्याला सत्तरेक युनिट. महावितरणच्या बिलात ३०० युनिटांचा टप्पा ओलांडला की दर चढतो, त्यामुळे आपलं घर कुठे बसतं ते आधी पाहा. एप्रिल-मेमध्ये मी फक्त रात्री चालवतो, कारण खोली खरोखर तापते. वीज गेल्याची मात्र चिंता नको. प्रोग्राम दर अर्ध्या तासाने काम साठवतो. लॅपटॉपवर दिवसरात्र चालवू नका. आणि रॅमची एकच पट्टी असेल तर दुसरी बसवा. इथे अडतं ते बहुतेक वेळा प्रोसेसरपाशी नाही, मेमरीच्या वेगापाशी.

न आवडलेल्या गोष्टीही आहेत. वेबसाइट जुनाट आणि आकड्यांनी गच्च भरलेली आहे. नवख्याला कामाचे प्रकार समजायला वेळ लागतो. शिवाय शोधाची शर्यत आता ग्राफिक्स कार्डांकडे गेली आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये सापडलेली २ चा १३,६२,७९,८४१ वा घात वजा १ ही ४,१०,२४,३२० अंकी संख्या ल्यूक ड्युरंट यांना मिळाली, ती १७ देशांत पसरलेल्या क्लाउडमधल्या ग्राफिक्स कार्डांवर. त्याआधी २०१८ मध्ये पॅट्रिक लारोश यांना साध्या कॉम्प्युटरवर सापडली होती. घरच्या मशीनला संधी आहे, पण ती बारीक आहे, हे मनाशी ठरवूनच उतरावं.

तरीही मी चालू ठेवणार आहे, कारण 'नाही' हे उत्तरही इथे नोंदलं जातं आणि त्याची गरज असते. २००८ मध्ये ४,३१,१२,६०९ या घातांकाची मूळ संख्या आधी सापडली आणि दोन आठवड्यांनी ३,७१,५६,६६७ ची, म्हणजे आधीपेक्षा लहान. त्याहून लहान सगळे घातांक पुन्हा तपासून होत नाहीत, तोवर एखादी मर्सेन मूळ संख्या कितवी, हे पक्कं म्हणता येत नाही. जुन्या चाचण्यांचं हे डबल-चेक अजून बरंच शिल्लक आहे, आणि घातांक लहान असल्यामुळे साध्या डेस्कटॉपला ते झेपतं. नव्याने सुरुवात करत असाल तर कामाच्या प्रकारात तेच निवडा, सगळे कोअर एकाच वर्करला (म्हणजे एका वेळी एकाच चाचणीला) द्या आणि पहिली चाचणी संपेपर्यंत सेटिंग बदलू नका.