मुंबई–नागपूर विमानसेवा: आकाशात एक तास, तिकिटावर दीड तास

मुंबई आणि नागपूर या दोन विमानतळांमधील सरळ हवाई अंतर सुमारे ६८० किलोमीटर आहे. ताशी आठशे किलोमीटर वेगाचा भागाकार केला तर उत्तर पन्नास मिनिटे येते. प्रत्यक्षात मात्र विमान हवेत तासभर किंवा थोडे अधिक असते, कारण उंची गाठताना आणि उतरताना वेग बराच कमी असतो. तिकिटावरचा दीड तास किंवा त्याहून थोडा अधिक वेळ मोजला जातो तो विमान एका विमानतळावरच्या थांब्यावरून हलल्यापासून दुसऱ्या विमानतळावरच्या थांब्यावर लागेपर्यंत, आणि त्यातल्या जमिनीवरच्या वेळेचा मोठा वाटा मुंबईच्या धावपट्टीपाशी थांबण्यात जातो.

मुंबईच्या दोन्ही धावपट्ट्या एकमेकींना छेदत असल्याने त्या एकाच वेळी वापरता येत नाहीत, आणि म्हणूनच सकाळच्या गर्दीत दरवाजे वेळेवर बंद होऊनही विमान इतर विमानांच्या शेपटामागे रांगेत उभे राहते. पंखे घरघरत असतात, प्रवासी घड्याळ पाहत असतात. विमान कंपन्या हा खोळंबा वेळापत्रकात आधीच धरून ठेवतात. त्यामुळे उशिरा निघालेले विमान नागपूरला ‘वेळेवर’ पोहोचल्याची घोषणा होते, तेव्हा कौतुक वैमानिकाचे करावे की वेळापत्रक आखणाऱ्याचे, असा प्रश्न पडतो. हिवाळ्यात वरच्या थरातले पश्चिमेचे वारे नागपूरला जाताना पाठीशी असतात आणि परतताना तेच तोंडावर येतात. त्यातच संध्याकाळी मुंबईवर घिरट्या घालाव्या लागल्या की परतीचा प्रवास हमखास लांबतो. संध्याकाळी मुंबईहून पुढचे विमान गाठायचे असेल, तर नागपूरहून दुपारीच निघावे, हे माझे स्पष्ट मत आहे.

या सेवेची खरी जमेची बाजू नागपूरच्या टोकाला आहे. सोनेगावचे विमानतळ शहराला लागूनच असून टर्मिनल आटोपशीर असल्यामुळे सामानाच्या पट्ट्यापासून रस्त्यापर्यंत फारसे चालावे लागत नाही. मेट्रोचे स्थानक मात्र टर्मिनलला जोडलेले नसून वर्धा मार्गावर आहे, तेव्हा जड बॅगा असतील तर रिक्षाच बरी. मुंबईकडे भुयारी मेट्रोने दोन्ही टर्मिनलांपर्यंत जाता येऊ लागल्यापासून दक्षिण मुंबईकरांची मोठी चिंता मिटली आहे.

घरापासून घरापर्यंत हिशेब केला तर पाच तास धरावेत. समृद्धी महामार्गाचे ७०१ किलोमीटर अंतर मोटारीने सुमारे आठ तासांचे, तर दुरांतो एक्सप्रेसचा प्रवास अकरा तासांच्या आसपास. पण तो रात्रीच्या झोपेत पार पडतो. सकाळी जाऊन रात्री परतायचे असल्यास विमानाला पर्याय नाही. मुक्कामी जाणाऱ्याने, विशेषतः डिसेंबरमध्ये विधिमंडळाचे अधिवेशन नागपुरात भरलेले असताना, दुरांतोचे आरक्षण आधी पाहावे आणि मगच विमानाचे भाडे तपासावे.