सेलर ॲपचं रिटर्न खातं : कोसा विकणाऱ्यांनी आधी हे वाचा

ॲपचं नाव घेत नाही, ज्यांनी त्यावर लिस्टिंग टाकली ते ओळखतीलच. आम्ही भंडारा जिल्ह्याच्या मोहाडी तालुक्यातले, घरचे माग आणि आजूबाजूच्या विणकरांचा माल, कोशाच्या म्हणजे टसर रेशमाच्या साड्या, दुपट्टे, थोडंफार करवतकाठी, म्हणजे करवतीच्या दातांसारख्या काठाच्या साड्या. विक्रीबद्दल तक्रार नाही बाप्पा, ऑर्डरी येतात, पुण्याहून येतात, बंगलोरहून पण येतात. हा रिव्ह्यू फक्त माल परत आल्यावर काय होते त्याचा, कारण रजिस्ट्रेशन करून घेताना ते कोणी सांगत नाही.

परत येणं दोन प्रकारचं राहते. एक आरटीओ (रिटर्न टू ओरिजिन), म्हणजे गिऱ्हाइकानं पार्सल घेतलंच नाही, कॅश ऑन डिलिव्हरी होती आणि पोऱ्या दारात येईपर्यंत मूड गेला. दुसरं कस्टमर रिटर्न, म्हणजे घेतलं, उघडलं, कधी कधी लग्नात मिरवलं पण, आणि मग परत. आरटीओमध्ये हे ॲप कुरिअरचा खर्च आपल्यावर टाकत नाही, त्याचे मार्क दिलेच पाहिजे. कस्टमर रिटर्नमध्ये मात्र परतीचं भाडं सरळ आपल्या पेमेंटमधून कापते, चूक कोणाची का असेना.

आणि कारणं पहा काय देतात, "रंग फोटोसारखा नाही", "डिफेक्टिव्ह". अरे कोशाचा मूळ रंगच मधासारखा, एका लॉटचा दुसऱ्याशी तंतोतंत जुळत नाही, आणि हातानं काढलेल्या सुताला गाठी राहणारच. सपोर्टवाला म्हणते "क्वालिटी इश्यू आहे सर". राजेहो, गाठ एकही नसली तर उलट शंका घ्या! पण भांडून फायदा नाही, कारण २०२० च्या ई-कॉमर्स नियमांत साफ लिहिलं आहे की माल खराब असेल किंवा लिस्टिंगमध्ये सांगितल्यासारखा नसेल तर सेलरनं परत घ्यायला नाही म्हणायचं नाही, आणि ते बरोबरच आहे, आपण पण कुठंतरी गिऱ्हाईकच राहतो. म्हणून आम्ही लिस्टिंगच्या पहिल्याच ओळीत गाठी आणि रंगाचं लिहितो, गाठीचा जवळून काढलेला फोटो टाकतो, उन्हातला एक आणि ट्यूबलाइटखालचा एक. त्यानं "डिफेक्टिव्ह" बरंच कमी झालं.

खरी डोकेदुखी म्हणजे माल बदलून येणं. कोशाची साडी गेली आणि परत आली पॉलिस्टरची, घडी पण धड नाही. क्लेम टाकला तर म्हणे फोटो पाठवा. फोटोत दोन्ही सारख्याच चमकतात. मी सुताचा तुकडा जाळून दाखवला, पॉलिस्टर वितळून त्याचा टणक मणी होते, कोसा जळताना केस जळल्यासारखा वास येते आणि राख बोटानं चुरते, आता तो वास व्हिडिओत कसा पाठवू सांगा. शेवटी क्लेम रिजेक्ट, कारण काय तर पार्सल उघडण्याआधी सीलबंद दिसत नाही. कुरिअरनंच ते फाडून, वरून टेप मारून आणलं होतं, ते कोणी मानायलाच तयार नाही.

त्यात आमच्या गावात रेंजचा प्रॉब्लेम. डिलिव्हरीवाला तुमसरहूनच फोन करते, "ओटीपी सांगा, पार्सल दुकानात ठेवून देतो". कोणीच देऊ नका. एकदा ओटीपी दिला की ॲपवर माल परत मिळाला असं चढते आणि क्लेमची मुदत तिथूनच चालू, पार्सल भलेही दोन दिवसांनी हाती येवो.

पैशाचं तर विचारूच नका. गिऱ्हाइकाकडून पार्सल उचललं की त्याला रिफंड लगेच, आपल्या पुढच्या पेमेंटमधून वजावट पण लगेच, आणि साडी मात्र फिरत फिरत येते आरामात. तेवढ्यात विणकराला मजुरी द्यायची राहते, सुताचे पैसे राहतात, त्याला "सेटलमेंट सायकल" सांगून चालते काहो?

एक गोष्ट चांगली, रिपोर्ट स्वच्छ आहे. कोणत्या ऑर्डरचे किती कापले, का कापले, सगळं एक्सेलमध्ये भेटते. जीएसटीचा टीसीएस, म्हणजे ॲप आपल्या विक्रीतून आधीच कापून सरकारात भरते तो कर, ०.५ टक्के कापतात तो परत आलेला माल वजा करून, क्रेडिट नोटचा (माल परत आल्यावर बिल कमी करायचा कागद) हिशोब पण जुळते, आमच्या सीएची कटकट कमी झाली.

दुपट्टे, स्टोल असा हलका माल असेल तर टाका बिनधास्त, परत आला तरी झेपते. भारी साड्या आम्ही तिथून काढल्या, आता व्हॉट्सॲपवर व्हिडिओ कॉलवर दाखवतो, पैसे आधी घेतो आणि स्पीड पोस्टनं पाठवतो. पाच पैकी दोन स्टार. कॅश ऑन डिलिव्हरी बंद ठेवू देणारं आणि रिटर्नचं पार्सल डिलिव्हरीवाल्यासमोर उघडू देणारं कोणतं ॲप कोणाच्या माहितीत असेल तर खाली नक्की सांगा, इकडं बरेच जण विचारून रायले.