जुना डांबरी ड्राइव्ह-वे उखडून टाकला : सात-आठ महिन्यांनंतर

फाटकापासून शेडपर्यंतच्या डांबराला जाळीदार भेगा पडल्या होत्या. मगरीच्या कातड्यासारखी नक्षी दिसायला लागली, की दुखणं वरच्या थरात नसून खालच्या खडीच्या पायात आहे असं समजायचं. ‘वरून एक हात मारून टाका’ असा सल्ला भेटेल तो देत होता. पण पाया हलतोय तोवर वरचा नवा थरही त्याच रेघांवर फाटतो. म्हणून सगळं काढलं आणि पेव्हर ब्लॉक बसवले. आता एक उन्हाळा आणि एक पावसाळा काढून झालाय.

उखडण्याचं काम वाटलं त्यापेक्षा सोपं गेलं. डांबर गार असताना कडक असतं आणि तुकड्यांनी निघतं. दुपारच्या उन्हात तेच चिवट होतं, ब्रेकरची छिन्नी नुसती रुतून बसते. त्यामुळे फोडाफोडी सकाळीच उरकायचो. छिन्नी टोकदार नको, रुंद पात्याची हवी. एक कड मोकळी झाली, की पहार खाली सरकवून वर उचलायची, लादीएवढा तुकडा आपसूक सुटतो. रस्त्याला लागून जिथे डांबर ठेवायचं होतं, तिथे आधी कटरने सरळ रेघ मारून घेतली. पात्यावर पाणी सोडत राहायचं, नाहीतर धूळ नाकातोंडात जाते. पाण्याची पाइप आणि वायर कुठून गेलीय, हे मात्र पहिला घाव घालण्याआधी बघून घ्या.

खरा घाम काढला तो राडारोड्याने. ५ सेंटिमीटरचा थर म्हणजे दर चौरस मीटरला ११५ किलोच्या आसपास वजन, आणि फोडल्यावर ढीग मूळच्या दीडपट दिसतो. गाडी मागवताना हे धरून चाला. त्यात माती-विटा मिसळू देऊ नका. स्वच्छ डांबर पुन्हा दळून, तापवून रस्त्यात वापरता येतं, मिसळलेलं कोणी घ्यायला तयार होत नाही.

आता निकाल. मधला पट्टा आम्ही हाताने उखडला, खालच्या जुन्या खडीला धक्काच लावला नाही. तिथे ब्लॉक आजही एका रेषेत आहेत. फाटकाजवळ मशीनवाल्याने घाईत बकेट खोल घातलं, खडीबरोबर खालची मातीही वर आली. तो खड्डा एकदम भरून वरून एकदाच दबाई केली गेली. पहिल्या मोठ्या पावसानंतर नेमकं तिथेच चाकाच्या रेषेत बोटभर बसलं आणि पाणी साचायला लागलं. भर १०-१५ सेंटिमीटरच्या थरांनी टाकायची आणि प्रत्येक थराला पाणी मारून दबाई करायची, एवढंच पाळायचं होतं. ठेकेदाराशी बोलताना ब्लॉकच्या रंगावर वेळ घालवू नका, दबाई किती थरांत करणार ते विचारा.

बाकी समाधान आहे. उतार घराकडून बाहेर, मीटरला २ सेंटिमीटर दिलाय, पाणी भिंतीकडे येत नाही. कडेचे दगड काँक्रीटमध्ये पक्के असल्याने ब्लॉक सरकलेले नाहीत. उन्हात पायाला चटका बसतोच, पण डांबराएवढा नाही, आणि चपलेला काळं लागत नाही हे घरच्यांना सगळ्यात आवडलंय. सांध्यांतून गवत येतं, ते उपटावं लागतं. सांध्यांमधली कच पावसाने थोडी वाहून गेली, ती पुन्हा झाडूने भरली.

फाटकाजवळचे ब्लॉक जमीन पुरती वाळली की उचलून, खाली खडी भरून, तेच परत बसवणार आहोत.