अरॅक्नॉइड सिस्ट निघालीय: थांबायचं, दुर्बिणीने ऑपरेशन करायचं, का शंट टाकायचा?

डोकं दुखतं म्हणून एमआरआय काढला आणि रिपोर्टमधे अरॅक्नॉइड सिस्ट आली की घरातले सगळे हादरतात, मेंदूत गाठ म्हणजे कॅन्सरच असं वाटतं. हा कॅन्सर नाहीये. मेंदूवर अरॅक्नॉइड नावाचं पातळ आवरण असतं, त्याच्या पदरात मेंदूभोवतीचंच पाणी साठून झालेली ही पिशवी, बहुतेकदा जन्मापासूनची, आणि जवळपास निम्म्या केसेसमधे कानाच्या वर टेंपोरल भागात असते. कित्येकांना आयुष्यभर पत्ता लागत नाही.

म्हणून नुसता साइज बघून घाबरू नका. त्रास त्या सिस्टमुळेच होतोय का, हे आधी नक्की करा, कारण डोकेदुखी मायग्रेनची असेल तर ऑपरेशन करूनही ती राहणारच. सकाळी उठल्या उठल्या डोकं दुखून उलट्या, फिट येणं, धूसर किंवा दोन-दोन दिसणं, मागच्या बाजूच्या सिस्टमधे तोल जाणं, तान्ह्या बाळाचं डोकं भराभर वाढणं, ही लक्षणं असतील तर गंभीरपणे घ्या. डोळ्यांच्या डॉक्टरांकडून फंडस म्हणजे डोळ्याचा आतला मागचा भाग तपासून घ्याच, बाहुली मोठी करायचे थेंब घालून आतली नस सुजलीय का बघतात, डोक्यातलं प्रेशर वाढलंय का ते त्यातून बरंच कळतं.

काही त्रास नसेल तर थांबणं हाच बहुतेक वेळा बरोबर निर्णय. लहान मुलांमधे सिस्ट वाढू शकते त्यामुळे डॉक्टर काही महिन्यांनी परत एमआरआय सांगतात, मोठ्यांमधे ती सहसा तशीच राहते. एक धोका मात्र माहीत असू द्या, डोक्याला जोरात मार लागला तर क्वचित सिस्ट फुटते किंवा बाजूला रक्त साठतं, म्हणून कबड्डी, बॉक्सिंग असलं काही खेळत असाल तर डॉक्टरांशी बोला.

ऑपरेशन लागलंच तर खरी तुलना फेनेस्ट्रेशन आणि शंटची. फेनेस्ट्रेशन म्हणजे सिस्टच्या भिंतीला भोकं पाडून आतलं पाणी मेंदूभोवतीच्या नेहमीच्या वाटेला लावून द्यायचं. जागा सोयीची असेल तर कवटीला छोटं छिद्र पाडून दुर्बिणीने होतं, नाहीतर कवटीचा तुकडा काढून मायक्रोस्कोपखाली. फायदा हा की शरीरात कायमचं काही राहत नाही. तोटा म्हणजे पाडलेलं भोक परत बुजू शकतं, कवटीखाली पाणी साठू शकतं, टाक्यातून पाणी झिरपू शकतं.

शंटमधे सिस्टमधून पोटापर्यंत कातडीखालून नळी टाकतात. ऑपरेशन त्यामानाने सोपं आणि सिस्ट चांगली आक्रसते, पण नळी ब्लॉक होते, इन्फेक्शन होतं, पाणी जास्त निघून गेलं तर वेगळीच डोकेदुखी, आणि शरीराला शंटची सवय लागली की तो काढणं अवघड. मुलांमधे उंची वाढते तशी नळी अपुरी पडून परत ऑपरेशन लागू शकतं. शंटला प्रोग्रामेबल व्हॉल्व असेल, म्हणजे पाणी किती जाऊ द्यायचं ते बाहेरून सेट करता येणारी झडप, तर एमआरआयनंतर सेटिंग हललंय का ते चेक करावं लागतं.

मला विचाराल तर जिथे फेनेस्ट्रेशन शक्य आहे तिथे आधी तेच, शंट नंतरसाठी राखून ठेवलेला बरा. सेकंड ओपिनियनला जाताना नुसता रिपोर्टचा कागद नेऊ नका, एमआरआयची सीडी न्या, न्यूरोसर्जनला इमेजेस स्वतः बघायच्या असतात. पण फिट थांबत नसेल, माणूस सुस्तावत चालला असेल किंवा अचानक कमी दिसायला लागलं तर सेकंड ओपिनियन वगैरे बाजूला ठेवून सरळ इमर्जन्सी गाठा.