लॅबव्ह्यूमध्ये फाइल लिहिणे आणि वाचणे : आठ महिन्यांच्या वापरानंतर

गेले आठ महिने मी पंपांच्या चाचणीसाठी लॅबव्ह्यू, म्हणजे मजकुराऐवजी चित्रे जोडून मोजमापाचे प्रोग्रॅम तयार करण्याचे सॉफ्टवेअर, रोज वापरत आहे. तापमान, दाब आणि कंपने मोजणारे आठ चॅनेल आणि त्यांच्या नोंदींच्या फाइली एवढेच माझे काम असल्यामुळे येथे लिहितो आहे ते फक्त फाइलींबद्दल.

आधी जे मनापासून आवडले ते सांगतो. एखाद्या नोडला (प्रोग्रॅमच्या चित्रातील एका कामाच्या चौकटीला) लागणारी सगळी माहिती पोहोचली की तो चालतो, हे लॅबव्ह्यूचे मूळ तत्त्व फाइलीच्या कामात फार उपयोगी पडते. उघडलेल्या फाइलीचा संदर्भ आणि एरर या दोन वायर (माहिती वाहून नेणाऱ्या रेषा) ‘उघडा, लिहा, बंद करा’ अशा ओवत नेल्या, की क्रम आपोआप पाळला जातो आणि ब्लॉक डायग्रामवर, म्हणजे प्रोग्रॅमच्या चित्रावर, तो डोळ्यांना दिसतो. मात्र ज्या टर्मिनलला (नोडवरील जोडणीच्या जागेला) वायर जोडलेलीच नाही, तिथे कोणती किंमत धरली जाते हे डायग्रामवर दिसत नाही, आणि माझे नुकसान नेमके तिथेच झाले.

सुरुवातीला मी ‘राइट डिलिमिटेड स्प्रेडशीट’ हा आकडे मजकुराच्या तक्त्यात लिहिणारा तयार व्हीआय (लॅबव्ह्यूमधील छोटा प्रोग्रॅम) वापरला. त्याच्या फॉरमॅटच्या टर्मिनलला काही जोडले नाही तर आकडा दशांशानंतर तीनच स्थळांपर्यंत लिहिला जातो. मी थर्मोकपलचे (तापमानानुसार व्होल्टेज देणाऱ्या सेन्सरचे) कच्चे व्होल्टेज व्होल्टमध्ये नोंदवत होतो. के-प्रकारच्या थर्मोकपलचे व्होल्टेज दर अंशाला जेमतेम 41 मायक्रोव्होल्टने बदलते. म्हणजे सुमारे 24 अंशांचा फरक फाइलीत एकाच आकड्यात बुडाला. फ्रंट पॅनेलवरचा (प्रोग्रॅमच्या दर्शनी पडद्यावरचा) आलेख सुरेख चढत होता आणि फाइलीत मात्र 0.001, 0.001, 0.001 असा रकाना खाली उतरत गेला होता. दोन दिवसांच्या चाचण्या पुन्हा घ्याव्या लागल्या. मदतपुस्तिकेत ही किंमत स्पष्ट दिलेली आहे. ती न वाचता वायर जोडत गेलो, ही चूक माझी. त्याच व्हीआयचे ‘अपेंड’ टर्मिनल मोकळे ठेवले तर जुन्या फाइलीतील मजकूर जाऊन नवा लिहिला जातो, हेही ध्यानात ठेवावे.

शिवाय हा व्हीआय प्रत्येक वेळी फाइल उघडतो आणि बंद करतो, त्यामुळे व्हाइल लूपमध्ये (थांबवेपर्यंत पुन्हा पुन्हा चालणाऱ्या भागात) तो ठेवला की लूप मंदावतो. आता मी फाइल लूपच्या आधी उघडतो आणि लूप संपल्यावर बंद करतो. मोजणारा लूप वेगळा, लिहिणारा वेगळा, आणि दोघांमध्ये क्यू, म्हणजे नोंदी क्रमाने थांबवून ठेवणारी रांग. डिस्क क्षणभर अडली तरी मोजणी अडत नाही.

खरे समाधान मिळाले ते टीडीएमएस या लॅबव्ह्यूच्या बायनरी स्वरूपातील फाइलींमुळे. आठ चॅनेल, सेकंदाला प्रत्येकी 1,000 नमुने आणि प्रत्येक नमुन्याला 8 बाइट, म्हणजे तासाला सुमारे 230 मेगाबाइट होतात. मजकुराच्या फाइलीत पुरेशी दशांश स्थळे ठेवली तर हे आणखी वाढते. फाइल, गट आणि चॅनेल अशा तीन पातळ्यांवर गुणधर्म लिहिता येतात, त्यामुळे पंपाचा क्रमांक आणि सेन्सरचे कॅलिब्रेशन आकड्यांसोबतच राहते. तरीही येथे एक खाच आहे. मी एकेक चॅनेल आळीपाळीने, थोडे थोडे नमुने घेऊन लिहीत होतो. मांडणी दर वेळी बदलल्यामुळे फाइलीचे असंख्य तुकडे झाले, सोबतची इंडेक्स फाइल फुगली आणि फाइल उघडायला नको इतका वेळ लागू लागला. आठही चॅनेल एकत्र, एकेका सेकंदाचे मोठे गठ्ठे करून लिहू लागल्यावर ती अडचण संपली. जुन्या फाइली ‘टीडीएमएस डीफ्रॅगमेंट’ने सुधारल्या.

फाइल दुसऱ्या प्रणालीत वाचताना वेळेकडे विशेष लक्ष द्यावे लागते. टीडीएमएसमधील वेळ यूटीसीत (भारतीय वेळेपेक्षा साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक वेळेत) साठवली जाते, म्हणून सकाळी 10 ची चाचणी पायथनमध्ये 4.30 ची दिसते. साध्या बायनरी फाइलीत तर लॅबव्ह्यूचा काळ 1 जानेवारी 1904 पासून मोजला जातो, युनिक्सचा 1970 पासून. आणि काही न सांगितल्यास बाइटांचा क्रम ‘बिग-एंडियन’, म्हणजे सर्वात मोठ्या किमतीचा बाइट आधी, असा असतो. तो उलटा वाचला, की दाबाच्या जागी निरर्थक आकडे येतात.

नव्याने सुरुवात करणाऱ्याने बिगर-व्यावसायिक वापरासाठी मोफत असलेली कम्युनिटी आवृत्ती घ्यावी आणि पहिल्या दिवशी एक ज्ञात व्होल्टेज दहा मिनिटे नोंदवून ती फाइल लॅबव्ह्यूबाहेरच्या प्रोग्रॅममध्ये उघडून पाहावी. मी आता प्रत्येक नव्या सेन्सरसाठी हे आधी करतो, आणि मगच पंप सुरू करतो.